एका ओळीत किती माणसं? ऊसतोड नोंदणीच्या संकल्पनात्मक मॉडेलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात हे काम झालं. कारखान्याचं नाव दिलेलं नाही, आणि माणसं वा गावं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. कामात तिघे होते: माहिती-प्रणाली विषयात संशोधन करणारा विद्यापीठातला एक छोटा गट, ऊसतोड मजुरांसोबत काम करणारी एक संस्था आणि कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारा व्हेंडर. संशोधन गटाकडून मॉडेलिंगचं काम, म्हणजे नोंदीत कोणत्या गोष्टी येतात आणि त्या एकमेकींशी कशा जोडलेल्या असतात याचा आराखडा काढणं, माझ्याकडे होतं.

मागणी एका वाक्याची होती: हंगामात तोडणीला आलेल्या मजुरांची माणूसवार यादी हवी. ओळखपत्र, अपघात विमा, मुलांचा वसतिगृह प्रवेश, सगळ्याला ती लागते. राज्यात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. पण लाभ द्यायचा तर माणूस आधी कुठल्या तरी नोंदीत दिसायला हवा.

ऊसतोडीची साखळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कारखाना, किंवा त्याची तोडणी-वाहतूक संस्था, वाहनमालकाशी करार करते आणि त्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देते. वाहनमालक ती मुकादमाला देतो. मुकादम बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतल्या गावांत पावसाळ्यातच उचल वाटून टोळी बांधतो. उचल कोयत्यावर मिळते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस आलं तर अर्धा. मजुरी टनावर ठरते (जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांमध्ये ३४ टक्के वाढीचा करार झाला, तोही टनाच्या दरावरच) आणि ती उचलीतून वळती होत जाते. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की हिशोब. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

बैलगाडीवाल्यांचे करार वेगळ्या पद्धतीचे असतात, म्हणून ते बाजूला ठेवले. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये डोक्यावरून मोळ्या चढवणाऱ्या टोळ्याच घेतल्या, त्याही मोजक्या मुकादमांच्या.

अडचण

व्हेंडरने पहिल्याच बैठकीत एक्सेल काढून दिली. टेबलचं नाव ‘मजूर मास्टर’. रकाने: कोड, नाव, गाव, मुकादम कोड, कोयता (१ किंवा ०.५), उचल, बाकी. नावं जवळजवळ सगळी पुरुषांची. शेतकी अधिकारी म्हणाले, “याला दोनानं गुणा मॅडम, झाली तुमची यादी.”

गुणाकाराने आकडा मिळतो, यादी मिळत नाही. आणि आकडाही बरोबर नव्हता, हे एकाच मुकादमाच्या टोळीतल्या ओळी माणसांशी ताडून पाहिल्यावर दिसलं. काही ओळी साध्या होत्या, नवरा-बायको. एका ओळीत बाप आणि लेक होते. एका विधवा बाईने भावासोबत काम धरलं होतं, ओळीवर नाव भावाचं. दोन सख्ख्या भावांचा मिळून एक कोयता होता. एका जोडीचा मोठा मुलगा रोज मोळ्या वाहत होता, पण त्याच्या नावावर उचल घेतलेली नसल्यामुळे तो कुठल्याच ओळीत नव्हता. आणि एक ओळ अशी होती की तिच्यावर नाव असलेला गृहस्थ गावीच राहिला होता. त्याच्या जागी मेहुणा आला होता.

म्हणजे एकच ओळ कधी माणूस, कधी जोडी, कधी दिलेल्या पैशाचं एकक, तर कधी नुसतं खात्याचं शीर्षक होती. माहिती-प्रणालीचे संशोधक याइर वँड आणि रॉन वेबर यांनी १९९० च्या दशकात मॉडेलिंगच्या भाषांमधले जे दोष मांडले, त्यातला हा सर्वांत परिचयाचा: एका चिन्हावर अनेक अर्थ लादले जाणं. पाठ्यपुस्तकात तो ओळखणं सोपं जातं. इथे मात्र तो कोणाला टोचतच नव्हता, कारण हिशोबासाठी ही नोंद चोख होती. किती कोयत्यांवर किती उचल गेली आणि किती टनांत किती वळती झाली, हे कळण्यासाठी ओळीमागे कोण उभं आहे याची कारखान्याला गरजच नव्हती. व्हेंडरने टेबल चुकीचं बांधलं, असं संस्थेतल्या कार्यकर्त्या चिडून म्हणत. मला ते पटलं नाही. खतावणीकडून शिरगणतीचं काम मागितलं जात होतं.

विचारात घेतलेले पर्याय

व्हेंडरचा पर्याय तयारच होता. आहे त्या टेबलात ‘पत्नीचे नाव’ आणि ‘पत्नीचा मोबाईल’ असे रकाने वाढवायचे. रिपोर्ट बिघडणार नाहीत, लिपिकांना नवं काही शिकवावं लागणार नाही. पण बाप-लेक, बहीण-भाऊ यांचं काय करायचं? रकान्याच्या नावातच एक नातं गृहीत धरलेलं होतं. शिवाय रकाना रिकामा राहिला तर त्याचा अर्थ काय: बायको नाही, आली नाही, की विचारलंच नाही? अशा ऐच्छिक गुणधर्मांबद्दल, म्हणजे रिकामे ठेवता येणाऱ्या रकान्यांबद्दल, बोडार्ट, वेबर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले होते. वरवर आठवण्यापुरती अशी मॉडेलं चालतात. खोलवर समज लागणाऱ्या प्रश्नांना मात्र ऐच्छिक गुणधर्म टाळून उपप्रकार वेगळे दाखवलेली मॉडेलं सरस ठरतात. आमच्यापुढचे प्रश्न दुसऱ्या जातीचे होते.

संस्थेला ‘जोडी’ ही स्वतंत्र एंटिटी, म्हणजे मॉडेलमध्ये स्वतःची ओळख असलेली गोष्ट, हवी होती. दोन माणसं, दोघांचं नाव, बरोबरीने. कागदावर बाई दिसावी ही त्यांची लढाई जुनी आहे आणि त्या दृष्टीने हा पर्याय आकर्षक होता. पण जोडीची ओळख कशावरून ठरवायची? बायको बाळंतपणाला गावी गेली आणि सासू कामाला आली, तर जोडी तीच की नवी? याचं उत्तर बैठकीतल्या प्रत्येकाने वेगळं दिलं.

आमच्या गटातल्या एका विद्यार्थ्याने तिसरी दिशा सुचवली. जेफ्री पार्सन्स आणि याइर वँड यांनी २००० मध्ये मांडलं होतं की वस्तूंना वर्गांच्या चौकटीत आधी कोंबू नये. वस्तू आणि तिचे गुण नोंदवावेत, वर्ग नंतर गरजेप्रमाणे पाडावेत. माणूस नोंदवा, त्याच्याबद्दल जे कळेल ते लिहा, कोयता-जोडी-टोळी हे सगळं नंतर. संशोधन म्हणून हे मला आजही मोहवतं. पण भरणारा स्लिपबॉय (फडावर चिठ्ठ्या लिहिणारा कारखान्याचा माणूस), जागा फडाच्या बांधावर, हातात मोबाईल. ‘जे कळेल ते लिहा’ म्हटलं की तो काहीच लिहिणार नाही, हे शेतकी अधिकाऱ्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही.

चौथा पर्याय: मध्यभागी उचलीचा करार. जियानकार्लो गुइझार्डी यांनी २००५ च्या प्रबंधात जी मांडणी केली, तिच्यात माणूस ही मूळ जात, मजूर ही त्याने काही काळ वठवलेली भूमिका, आणि दोन पक्षांना बांधणारं नातं हीदेखील स्वतःचं आयुष्य असलेली गोष्ट. त्या धर्तीवर ‘व्यक्ती’ वेगळी, ‘करार’ वेगळा, आणि कोणत्या तारखेपासून कोणती व्यक्ती कोणत्या करारात होती हे सांगणारा ‘सहभाग’ वेगळा. कोयता मग एंटिटी उरत नाही, करारावरचा १ किंवा ०.५ असा आकडा होतो.

पहिला निर्णय: काय टिकतं?

सिद्धांतांच्या वादात बैठका जात होत्या. वाद मिटला तो मुकादमाला विचारलेल्या एका प्रश्नाने. हंगामाच्या मधेच एक माणूस बदललं, तर तुमच्या दृष्टीने कोणती गोष्ट तीच राहते? त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, “उचल तीच राहती की.” माणूस बदलतं, जोडी बदलते, कधी टोळीही बदलते; उचलीचा करार टिकतो. ओळख तिथे आहे. करार मध्यभागी ठेवायचं ठरलं.

हा प्रश्न आधीच विचारला असता तर बराच वेळ वाचला असता. पर्यायांच्या आकृत्या काढून मग क्षेत्रातल्या लोकांना दाखवण्याऐवजी, ‘काय बदललं तर काय तेच राहतं’ एवढाच प्रश्न घेऊन आधी फिरायला हवं, असं मी आता विद्यार्थ्यांना सांगते.

दुसरा निर्णय: हजेरी की खाडा?

कोण कामावर होतं हे कळण्यासाठी मुकादमाची वही मागितली. लांबट, पुठ्ठ्याची, कडेला रबर लावलेली वही. पानावर कोयत्यागणिक एक आडवी ओळ आणि पुढे तारखा. आम्हाला वाटलं हजेरी असेल. बहुतेक जागा कोऱ्या होत्या आणि मधेच कुठेतरी ‘खा’ लिहिलेलं. खाडा. कामावर न आल्याची नोंद, आणि तिच्यापुढे कापायची रक्कम.

वहीत हजेरी लिहायची रीतच नाही. काही लिहिलेलं नसेल तर माणूस कामावर होतं. डेटाबेसचं गृहीतक नेमकं उलटं असतं: जे नोंदलेलं नाही ते घडलेलं नाही. रेमंड रायटर यांनी १९७८ मध्ये या बंदिस्त जगाच्या गृहीतकाची औपचारिक मांडणी केली. डेटाबेसला प्रश्न विचारणारी रिलेशनल क्वेरी लिहिणारा प्रत्येक जण ते रोज नकळत वापरतो. आम्ही ‘हजेरी’ नावाचं टेबल केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात ते रिकामं दिसलं असतं, आणि रिपोर्टनुसार कोणीच ऊस तोडला नसता.

म्हणून मॉडेलमध्ये खाडाच ठेवला, हजेरी त्यातून काढायची ठरवली. पण खाडा वहीत कोयत्यावर पडतो. दोघांतलं एक आजारी पडलं तरी तो जोडीचा. तो व्यक्तीवर न्यायचा तर मुकादमाला लिहिण्याची सवय बदलावी लागणार होती. त्याने ते करायला नकार दिला, आणि ज्या माहितीचा त्याला काही उपयोग नाही ती त्याने का लिहावी, यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खाडा करारावरच राहिला. विम्यासाठी ‘अमुक दिवशी अमुक बाई फडात होती’ हे सिद्ध करायची वेळ आली तर मॉडेल अपुरं पडणार, हे माहीत असून.

तिसरा निर्णय: एक रेघ

आकृती पीटर चेन यांच्या १९७६ च्या पद्धतीने काढली होती, एंटिटींना चौकोन आणि नात्यांना हिरे. शेतकी अधिकाऱ्यांनी बोट ठेवलं ते कारखाना आणि व्यक्ती यांना जोडणाऱ्या रेघेवर. “ही रेघ काढा. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत.”

वर्गात आम्ही शिकवतो की नात्याची रेघ वस्तुस्थितीचं वर्णन करते. इथे ती दावा करत होती. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्यासाठी कंत्राटी काम होतं त्याच्यावर, काही जबाबदाऱ्या येत होत्या, आणि कारखान्याचा सगळा कागद वाहनमालकापाशी थांबतो तो उगाच नाही. रेघ ठेवली असती तर प्रकल्प तिथेच संपला असता. ती नुसती खोडली असती तर संस्था बाहेर पडली असती.

तोडगा निघाला तो घटनेच्या रूपात. खेप, म्हणजे उसाच्या वाहनाची एक फेरी, ही घटना: तारीख, प्लॉट, वाहन, वजनकाट्याची पावती. व्यक्ती सहभागातून कराराशी, करार टोळीशी, टोळी खेपेशी आणि खेप काटा पावतीमार्गे कारखान्याशी जोडली. सरळ रेघ नाही, पण वाट आहे. ज्याला कारखाना आणि मजूर यांचं नातं काढायचं आहे तो काढू शकतो. दोन्ही बाजू नाराजीनेच राजी झाल्या. यादी तयार व्हायची तर दुसरा मार्ग नव्हता, असं माझं मत आजही आहे. फक्त संशोधन अहवालात दोन्ही आकृत्या शेजारी-शेजारी छापायला हव्या होत्या. छापली गेली ती तडजोडीची एकटी, आणि ती वाचणाऱ्याला तीच क्षेत्राची रचना वाटणार.

वाक्यांनी तपासणी

आकृती टोळीतल्या लोकांना दाखवून काही उपयोग नव्हता. टेरी हाल्पिन यांच्या पद्धतीत मॉडेलमधला प्रत्येक नियम साध्या वाक्यात वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्याने फक्त खरं की खोटं सांगायचं असतं. तीच वाट धरली. संध्याकाळी कोप्यांपाशी, मजुरांच्या झोपड्यांपाशी, वाक्यं वाचली.

“एका हंगामात एक माणूस एकाच मुकादमाकडे असतं.” खोटं. एकीने सांगितलं, उचल एकाकडून घेतली, तोडायला दुसऱ्याकडे गेलो, पहिल्याची उचल दुसऱ्याने भरली. म्हणजे करार हस्तांतरित होतो. मॉडेलमध्ये त्याला जागाच नव्हती.

“ज्याने उचल घेतली तो तोडायला असतोच.” यावर हशा पिकला. “घेणारा गावाकडं, फेडणारी हितं,” मागून कोणीतरी म्हणालं. त्यातून आमचा सर्वांत मोलाचा बदल निघाला: ‘उचल घेतली’ आणि ‘तोडणीला आली’ या दोन भूमिका वेगळ्या केल्या. तोपर्यंत सहभाग ही एकच भूमिका होती आणि गटातल्या कोणालाही तिच्यात खोट दिसली नव्हती.

चौथा निर्णय: बाकी कोणाच्या नावावर?

व्यक्ती स्वतंत्र झाली की पुढची पायरी आपोआप समोर येते. उचलीची बाकीही व्यक्तीवर न्यावी का? मॉडेल म्हणून ते जास्त नेमकं झालं असतं. व्हेंडर उत्साहात होता: आधार क्रमांक ही नोंद ओळखायची किल्ली धरली तर तेच माणूस दुसऱ्या कारखान्याकडे गेलं तरी बाकी शोधता येईल.

इथे संस्था ठामपणे आडवी आली, आणि बरोबर आडवी आली. कल्याणासाठी केलेली यादी वसुलीची यादी व्हायला एक फॉरेन की, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणारा रकाना, पुरते. उचल बुडवून गेलेल्या टोळ्यांमुळे मुकादम कर्जात बुडतात हेही खरं आहे, पण त्यावरचा उपाय या यादीत शोधायचा नव्हता. त्याशिवाय जोडी मोडली तर बाकी कशी वाटायची, याचं उत्तर प्रथेतच नव्हतं. मॉडेलने ते ठरवलं असतं तर एका सॉफ्टवेअरने कर्जाचा नवा नियम घातला असता.

बाकी करारावर ठेवली, आधार किल्ली म्हणून घेतला नाही, व्यक्तीला अंतर्गत क्रमांक दिला. लिंडलँड, सिंद्रे आणि सोल्व्हबर्ग यांनी १९९४ मध्ये मॉडेलच्या गुणवत्तेची चौकट मांडताना म्हटलं होतं की पूर्णत्वाचा खर्च फायद्यापेक्षा वाढला की मॉडेलिंग थांबवावं. आम्ही थांबलो तेव्हा हा हिशोब होता खरा, फक्त खर्च आमच्या खिशातून जाणार नव्हता.

निष्पत्ती

मोजक्या टोळ्यांपुरती माणूसवार यादी तयार झाली आणि संस्थेने ती ओळखपत्रांच्या कामाला वापरली. सर्वांत स्पष्ट फायदा मुलांच्या बाबतीत झाला. मूल व्यक्तीशी जोडलेलं असल्यामुळे भावासोबत आलेल्या विधवा बाईच्या मुलांचे वसतिगृहाचे अर्ज तिच्या नावाने भरता आले. जुन्या टेबलात ती मुलं मामाच्या ओळीखाली गेली असती.

पैशाच्या बाजूला काही बदललं नाही. मजुरीचा हिशोब कोयत्यावर, पैसे पूर्वीच्याच हातात. नोंदीत बाई आली म्हणून तिच्या खात्यात काही आलं नाही, आणि येईल असा दावा आम्ही केलाही नव्हता; संस्थेला मात्र तशी आशा होती.

एक बिघाड अगदीच अनपेक्षित. व्हेंडरने व्यक्ती टेबलात मोबाईल नंबर एकमेव असला पाहिजे अशी अट घातली. ती मॉडेलमध्ये नव्हती, ‘सगळीकडे असतेच’ म्हणून घातली. घरात फोन एक, तोही बहुधा नवऱ्याकडे. दुसऱ्या व्यक्तीची नोंद अडू लागली, तेव्हा लिपिकांनी शेवटचा आकडा बदलून भरायला सुरुवात केली. कळलं तेव्हा बऱ्याच बायकांच्या नावापुढे भलत्याच कोणाचे तरी नंबर होते. मॉडेल आणि स्कीमा (डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष बांधलेली टेबलं आणि अटी) यांच्यामधल्या जागेत कोण काय भरतं यावर आमचं लक्ष नव्हतं. प्रत्येक अट वाक्यात उतरवून वाचायची शिस्त स्कीमालाही लावली असती तर “दोन माणसांचा फोन एक नसतो” हे वाक्य कोप्यांपाशी पहिल्या मिनिटाला पडलं असतं.

अठरा वर्षांखालची मुलं सहभागात नोंदवायची नाहीत, ही कारखान्याची अट आम्ही मान्य केली. म्हणजे मोळ्या उचलणारा सोळा वर्षांचा मुलगा या यादीत फक्त कोणाचा तरी मुलगा आहे. यापेक्षा वेगळं काय करता आलं असतं यावर गटात अजून एकमत नाही.

सध्याची स्थिती

पुढच्या हंगामासाठी व्हेंडरने करार टेबलात ‘शेरा’ नावाचा मोकळा रकाना टाकला आहे. न विचारता टाकला, पण उपयोगी ठरला. जे मॉडेलमध्ये बसत नाही ते लिपिक तिथे लिहितात: ‘बाई माहेरी, सासू हजर’, ‘बाकी निम्मी भावाने मान्य केली’, ‘कोयता दुसऱ्या मुकादमाकडे, उचल भरून घेतली’. करार हस्तांतरणासाठी केलेली नीटस एंटिटी जवळजवळ रिकामी आहे. हस्तांतरणं शेऱ्यात आहेत, कारण स्क्रीनवर ती एंटिटी तीन क्लिक आत आहे. आमच्या गटाचं पुढचं काम म्हणजे हे शेरे वाचून त्यांची वर्गवारी करणं. विद्यार्थी म्हणतो, वर्ग आधी पाडू नका. या वेळी त्याचं ऐकायचं ठरलं आहे.